रुग्ण बरा केल्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, चंद्रपूर.

अर्जदार : प्रभाकर नीळकंठ बेलसरे, संस्थापक-संचालक, प्राचीन गीतोद्धार मंडळ, नागपूर. सध्या मुक्काम मौजे पळसगोंदी, ता. सिंदेवाही (शाळेची मागील खोली).

विषय : मौजे पळसगोंदी येथील दादाजी गुरनुले या रुग्णास वैद्यकीय अधिकाऱ्याने कोणाचाही विचार न घेता बरे केल्यामुळे एका प्राचीन गीताची झालेली हानी, व त्यातून अर्जदारावर ओढवलेला प्रसंग.

संदर्भ : याच विषयावरील माझे यापूर्वीचे दोन अर्ज. उत्तर अप्राप्त.

महोदय,

१. आपल्या खात्याकडे माणूस मेल्याच्या तक्रारी येत असतील. माझी तक्रार माणूस वाचल्याची आहे. ती आपण हसून बाजूला ठेवाल ही भीती मनात धरूनच हा तिसरा अर्ज सादर करीत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावा, कारण सुरुवातीस जे मागतो आहे ते शेवटी मागत नाही.

२. माझा परिचय थोडक्यात असा. संगीतशिक्षकाची नोकरी संपल्यावर लोक नातवंडे सांभाळतात, मी यादवकाळ सांभाळायला घेतला. आमचे मंडळ खेड्यापाड्यांतून जुनी भक्तिगीते शोधून काढते, ती धुऊनपुसून स्वच्छ करते आणि शहरातील रसिकांपुढे त्या काळच्या वेशात सादर करते. आमचे अंगरखे, पागोटी व कंबरपट्टे असे आहेत की त्या काळचा एखादा माणूस उठून आला तर आपणच आयुष्यभर चुकीचे कपडे घातले असे त्यास वाटेल.

३. पळसगोंदी येथे कार्तिकात पहाटे बाया सडा टाकताना देवाला जागे करण्याचे एक गीत म्हणतात. गावात त्यास 'उठवणी' असे नाव आहे. शब्दांची रूपे पाहता ते सुमारे आठशे वर्षांचे असावे असे माझे मत आहे, आणि आमच्या मंडळात या विषयावर दुसरे मत नसते. परंतु ज्या अवस्थेत हे गीत मला मिळाले ती अवस्था मी वैऱ्याच्या गीतासही चिंतणार नाही. बाया मध्येच खोकतात, म्हशीला हाकलतात, एक ओळ म्हणून घागर भरून आणतात आणि मग दुसरी ओळ म्हणतात. आम्ही गीतातून खोकला काढला, म्हैस काढली, चाल भटियार रागात बसवली आणि मंडळाच्या प्रमुख गायिका सौ. मृणालिनी यांच्याकडून ते घटवून घेतले. तयार झालेले गीत गावातील बायांना ऐकवले. त्यांनी डोक्यावरचा पदर सावरून शेवटपर्यंत ऐकले आणि "चांगलं हाये जी, पन हे कोनतं गानं?" असे विचारले. यावरून आमच्या शुद्धीकरणाची कल्पना यावी.

४. आता मूळ अडचण. उठवणीचे शेवटचे कडवे कार्तिकात म्हणत नाहीत, कोणत्याच सणाला म्हणत नाहीत. घरातले माणूस जाते तेव्हा घरची बाई त्याच्या उशाशी बसून ते म्हणते, त्यात गेलेल्याचे नाव घालते आणि त्याला शिवेबाहेर पोचवते. म्हणून ती 'पोचवणी'. रीत अशी की बाईने हे कडवे जन्मात एकदाच म्हणायचे. सासूच्या तोंडून ऐकायचे, मनात ठेवायचे, आपल्या माणसासाठी एकदा म्हणायचे आणि तिचे काम संपले. ज्यांचे म्हणून झाले होते त्या बायांना मी नाना परींनी विनवले. साऱ्यांचे उत्तर एकच, "माह्यं झालं जी." सुनांना सिनेमाची गाणी येतात. अशा प्रकारे न म्हटलेले कडवे अख्ख्या गावात एकाच बाईकडे उरले होते. ती म्हणजे सौ. गुणाबाई दादाजी गुरनुले. आणि तिच्या नावामागील या 'सौ.' मध्येच सगळा घोटाळा होता.

५. नुसते टेपरेकॉर्डरपुढे म्हणून दाखवा, नाव कोणाचेच घेऊ नका, असे मी तिला सुचवून पाहिले. तिने कपाळाला हात लावला. "ते गानं नाई हो भाऊ, ते पोचवनं आहे. ज्याचं नाव घेतलं तो गेला. आनि बिना नावाचं म्हटलं तं जो आयकन तो जाते." अशा समजुतींपुढे आपले खाते देवीची लस घेऊन फिरले आहे, तेव्हा माझी स्थिती आपणास सांगायला नको. इकडे जानेवारीत नागपूर येथे भरणाऱ्या प्राचीन संगीत महोत्सवात 'उठवणी, अखेरच्या कडव्यासह प्रथमच' अशी जाहिरात आम्ही देऊन बसलो होतो.

६. अशा निराशेच्या काळात देवाने आमच्याकडे पाहिले. दिवाळीनंतर दादाजी गुरनुले यास हिवताप झाला आणि तो मेंदूत चढला. मी क्रूर माणूस नाही, हे येथे नमूद करतो. मी त्याला ताप आणला नाही. मी फक्त तयारी केली. आढ्याच्या वाशाला मायक्रोफोन टांगला, आणि तो रुग्णाच्या तोंडावर येऊन त्यास त्रास होऊ नये म्हणून थोडा बाजूला सरकवला. गुणाबाईने नेमके कोठे बसावे ते कळण्यासाठी जमिनीवर खडूने फुली केली. ती बिचारी नवऱ्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत त्या फुलीवरून सारखी ये-जा करीत होती, त्यामुळे फुली पुन्हा पुन्हा काढावी लागली. रुग्णाच्या घशातील घरघर मुद्रणात येईल, अशी शंका सोबत आलेल्या सौ. मृणालिनी यांनी काढली. कडव्याच्या वेळी घरघर असणार नाही, असे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. शेजारचा लटारू दारातून डोकावून हे यंत्र कशाचे म्हणून विचारू लागला. दवाखान्याचे असावे अशी त्याने आपल्याच मनाने समजूत करून घेतली, ती मी मोडली नाही.

७. दुर्दैवाने याच लटारूला आणखी एक बुद्धी सुचली. यंत्र आले आणि डॉक्टर कसा आला नाही, म्हणून तो आरोग्य केंद्रात चौकशी करायला गेला. परिणामी वैद्यकीय अधिकारी डॉ. श्रावण वाळके हे स्वतः हजर झाले. हे गृहस्थ याच भागातील असून छप्पन साली ज्यांनी धर्म बदलला त्यांच्या घरचे आहेत. देवाला उठवण्याच्या गीताबद्दल त्यांना आस्था असण्याचे कारण नाही, हे मी समजू शकतो. पण अनास्था माणसाने आपल्या फुरसतीच्या वेळात दाखवावी. त्यांच्या वर्तनाबाबत माझे आक्षेप पुढीलप्रमाणे होते :

(अ) रविवार असताना, शासकीय जीप नादुरुस्त असताना, ते सायकलने आले.

(आ) सलाईनची बाटली टांगण्यासाठी त्यांनी माझा मायक्रोफोन काढून खाली ठेवला व तोच वासा वापरला. "हे काय लटकवून ठेवलं जी? पेशंट आहे का नाटक आहे?" असे ते चारचौघांत म्हणाले.

(इ) "मरायची वाट पाहून राहिले का तुम्ही?" असा उद्धट प्रश्न त्यांनी मला विचारला. मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर होय असे होते.

(ई) ताप उतरेपर्यंत ते रुग्णाजवळून हलले नाहीत. माझ्या फुलीवर त्यांनी आपली बॅग ठेवली.

यांपैकी एका जरी बाबतीत त्यांनी नेहमीचा सरकारी वेळ लावला असता, तर आज प्राचीन वाङ्मयात भर पडली असती. दादाजी उठून बसला आणि त्याने पेज मागितली. आमच्या हातातोंडाशी आलेला घास त्याने पेजेबरोबर गिळला. गुणाबाई हसत होती आणि रडत होती, आणि त्या गडबडीत तिने मलाही वाटीभर पेज दिली. ती मला गेली नाही.

८. तरीही मी सामोपचार सोडला नाही. दादाजीने घटकाभर डोळे मिटून पडून राहावे, अंगावर पांढरे वस्त्र घ्यावे, नाकात कापसाचे बोळे घालावेत, आणि गुणाबाईने त्यालाच उद्देशून कडवे म्हणावे, अशी मी योजना मांडली. बोळ्यांत श्वासापुरती फट ठेवण्याचेही मी कबूल केले होते. दादाजी हा स्वभावाने भोळा व पाहुण्यांचा मान राखणारा माणूस. तो म्हणाला, "एवढ्या दुरून आले बिचारे. पडतो ना मी घडीभर. मेल्यावानी पडाले माह्यं काय जाते?"

"तुमचं काई नाई जात," गुणाबाई चुलीपुढून म्हणाली, "माह्यं जाते."

मग तिने मला उंबऱ्याबाहेर बोलावले आणि हात जोडले. "भाऊ, सासरा गेला तवापासून जपून ठेवलं मी हे. उंदरानं खाल्लं नाई, चोरानं नेलं नाई. एक या मानसापायी ठेवलं. तुमच्या डब्यात कायले टाकू जी?" डबा म्हणजे आमचा परदेशी बनावटीचा टेपरेकॉर्डर. अज्ञानाला सीमा नसते.

९. सरळ बोटाने तूप निघत नाही, सबब मी बोट थोडे वाकडे केले. दादाजीच्या छपराला सागाचे वासे असून त्यांचा परवाना त्याच्याकडे नाही, ही गोष्ट मी चहा पिता पिता एका वनरक्षकाच्या कानावर घातली. (परवाना या गावात कोणाकडेच नाही. पण कडवेही कोणाकडे नाही.) वनरक्षक तरुण व उत्साही निघाला. त्याने छपरातले दोन वासे उपसले, ते दादाजीच्याच खांद्यावर दिले आणि त्याला वनखात्याच्या नाक्यापर्यंत चालवत नेऊन दिवसभर उन्हात बसवून ठेवले. एवढे करावे असे मी सांगितले नव्हते. करू नये असेही सांगितले नव्हते. संध्याकाळी लटारूने त्याला बैलगाडीत घालून आणले, तेव्हा त्याला पुन्हा ताप होता, आणि त्याच्या घराच्या छपराला पडलेल्या भगदाडातून आकाश दिसत होते. डॉ. वाळके पुन्हा आले, पुन्हा सायकलने. त्याची तक्रार मी दुसऱ्या अर्जात केली आहे.

१०. मी गुणाबाईकडे गेलो व स्पष्ट बोललो. कडवे द्या, वनरक्षकाला मी समजावतो, वासेही परत येतील. ती नवऱ्याच्या पायांना तेल चोळीत होती. मग तिने विचारले, "माह्यं बुढं मरत नाई तवरीक तुमी इथून जानार नाई?"

मी खोटे बोलत नाही. नाही म्हणालो.

"आनि ते भेटलं तं?"

मग दुसऱ्या दिवशीच्या बसने जाईन, असे मी सांगितले. तिने मान हलवली. मला वाटले, आठशे वर्षांचे कुलूप उघडले.

११. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेच्या खोलीवर आली. डोक्यावरून न्हालेली होती, केस ओले होते. सौ. मृणालिनी यांनी खुर्ची दिली, तर ती जमिनीवर बसली. तिने विचारले, "तुमचं पुरं नाव काय जी?" मंडळाच्या कार्याची तिला अखेर जाणीव झाली असे वाटून मी आनंदाने, वडिलांच्या नावासह, पूर्ण नाव सांगितले. तिला ते अवघड गेले. दोनदा म्हणून घेतले, तिसऱ्यांदा तिनेच बरोबर म्हटले. मी बटन दाबण्याची खूण केली.

महोदय, मी आयुष्यभर गाणे ऐकले व शिकवले आहे. मोठमोठ्यांच्या बैठकींना मी पुढे बसलो आहे. तिच्या आवाजात काही नव्हते. तो धुरात राहिलेल्या म्हातारीचा चिरका आवाज होता. पण पहिल्याच ओळीला माझ्या अंगावर काटा आला. कडव्याचे शब्द पुढे देत आहे (धुरा म्हणजे शेताचा बांध). नावाच्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत, त्या भरू नयेत ही विनंती.

जाय गा ........, धुऱ्यावर थांबू नोको,
दिवा मालवला, मागं वळू नोको.
पानी प्यालास, भात खाल्लास, झालं तुह्यं,
........ गा, तुही वाट कोनी पाहात नाई.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. गेलेल्या माणसाला इतक्या मायेने आणि इतक्या ठामपणे घराबाहेर काढणारे शब्द मी कधी ऐकले नव्हते. कोण बिचारा गेला, असे मनात आले. शेवटच्या ओळीत नाव पुन्हा आले तेव्हा मी कोणासाठी रडत आहे ते मला कळले.

ती उठली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. सौ. मृणालिनी यांना म्हणाली, "घे बाई. झालं माह्यं. आता माह्या बुढ्याच्या मरनाची वाट पाहाचं कोनाले कारन नाई."

मृणालिनीबाईंनी नको ते विचारले. मग तुमचे यजमान जातील तेव्हा काय म्हणाल?

"जातीन तसेच, मुक्यानं," गुणाबाई म्हणाली. "रडाले तं मी आहो ना." आणि गेली.

१२. मी विज्ञान मानणारा माणूस आहे. माझी नाडी व्यवस्थित चालते, भूक लागते, गुडघा दुखतो. परंतु त्या दिवसापासून या गावात मी नाही. लटारू मला जेवण आणून देत असे. तो आता पत्रावळ उंबऱ्याबाहेर ठेवतो व तोंड न वळवता मागे मागे जातो. चहाच्या टपरीवर माझा कप भिंतीशी जमिनीवर ठेवतात. मी हाक मारली की बाया मुलांना घरात ओढतात. कोणी रागावलेले नाही, कोणी शिव्या देत नाही, शिव्या दिल्या असत्या तर मला आनंद झाला असता. एकटा दादाजी माझ्याकडे पाहतो. तो आता काठी घेऊन अंगणात हिंडतो, उन्हाला बसतो, आणि मी दिसलो की आपल्या जागी जो दुसरा कोणी गेला त्याच्याकडे पाहावे तशा उपकृत नजरेने पाहतो. जेवताना तो पहिला घास माझ्या नावाने बाजूला काढून ठेवतो. तो कावळा लगेच नेतो. इतक्या लगेच नेतो की माझी कोणतीच इच्छा अपुरी नाही असा गावाचा समज झाला आहे.

१३. सौ. मृणालिनी त्याच दिवशीच्या बसने ध्वनिफीत घेऊन नागपूरला गेल्या होत्या. कंडक्टरने मला दारातून आत घेतले नाही, म्हणून मी मागाहून सिंदेवाहीपर्यंत चालत जाऊन तेथून नागपूरला पोहोचलो. मंडळात माझ्या खुर्चीवर तंबोरा ठेवलेला होता. तालीम चालू होती, आणि सौ. मृणालिनी माझे पूर्ण नाव भटियार रागात आळवीत होत्या. मी त्यांना थांबवले व दुसरे एखादे काल्पनिक नाव घालण्याची आज्ञा केली. त्या नम्रपणे म्हणाल्या, "सर, मूळ पाठातलं अक्षरही बदलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?" काल्पनिक नावाने श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येत नाही, त्यांनी घालून पाहिले होते, असे मंडळाच्या कार्यकारिणीने मला समजावून सांगितले. गावाची समजूत होती ती निदान भीतीपोटी होती. यांना मी जिवंत आहे हे पक्के ठाऊक होते.

१४. महोत्सवाच्या पत्रिकेवर माझ्या नावामागे 'कै.' छापले गेले. छपाईची चूक म्हणून मी सोडून दिली असती, परंतु रंगमंचावर माझा फोटो होता आणि त्यास झेंडूचा हार होता. प्रारंभी सौ. मृणालिनी यांनी निवेदन केले की हे कडवे ज्यांनी प्राणांचे मोल देऊन मिळवले त्यांच्यासाठी आपण उभे राहून ते ऐकावे. सारे सभागृह उभे राहिले. पुढच्या रांगेत माझी जागा होती. आजूबाजूचे लोक माझ्याकडे पाहू लागले, या म्हाताऱ्याला रीतभात नाही असे एक बाई म्हणाल्या. मी उभा राहिलो. कडवे संपेपर्यंत मान खाली घालून उभा राहिलो. शेवटच्या ओळीला सगळे रडले. टाळ्या वाजवू नयेत अशी विनंती होती, ती सर्वांनी पाळली.

१५. तेव्हापासून शासनाच्या सांस्कृतिक खात्याचे सर्व पत्रव्यवहार 'दिवंगत संस्थापकांचे उत्तराधिकारी' या नावाने होतात व ते मला दाखवले जात नाहीत. त्या कार्यालयातील लिपिकाने सल्ला दिला की बातमी ज्या गावाहून आली त्या गावच्या शासकीय डॉक्टरचा हयातीचा दाखला आणावा, म्हणजे विचार करता येईल. म्हणून मी परत पळसगोंदी येथे आलो. आधी गुणाबाईच्या दारी गेलो व शब्द परत घेण्याची विनंती केली. ती भांडी घासत होती, घासत राहिली. घरातून दादाजी म्हणाला, "कोन आहे वो?" ती म्हणाली, "कोनी नाई."

१६. मग डॉ. वाळके यांच्याकडे गेलो. ते माझ्याशी बोलले, हे मान्य केले पाहिजे. पोचवणी-बिचवणी आपण मानत नाही असे म्हणून त्यांनी मला बाकावर बसवले, नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, जीभ काढायला लावली. माणसाच्या हाताचा तो स्पर्श मला इतका बरा वाटला की मी त्यांचा हात लवकर सोडला नाही. परंतु दाखला मागताच त्यांनी पेन खिशात घातले. त्यांचे म्हणणे असे :

"माणूस जिवंत ठेवला म्हणून तुम्ही माझी तक्रार केली ना जी, साहेबांकडे? दोनदा केली. आता आणखी एकाले जिवंत आहे म्हणून लिहून देऊ? तिसरी कराल. आधी साहेबांनी सांगावं, माणूस जिवंत असनं गुन्हा आहे का नाही. ते कळलं की मी लिहून देतो."

मी म्हटले, पण आपण तर मला तपासले. आपणास दिसते आहे.

"मले दिसते," ते म्हणाले. "दादाजी जिवंत होता ते तुम्हाले नव्हतं दिसत का?"

पेशंट वाट पाहत होते, म्हणून त्यांनी मला उठवले.

१७. सबब, प्रस्तुत अर्जदाराची आपणास पुढीलप्रमाणे प्रार्थना आहे. डॉ. श्रावण वाळके यांच्याविरुद्धच्या माझ्या दोन्ही तक्रारी मी बिनशर्त मागे घेत आहे. दादाजी गुरनुले यास बरे करण्यात त्यांचा कोणताही कसूर नव्हता, असे मी या अर्जाने लिहून देतो. तो रविवारी बरा झाला तेही योग्यच झाले. माणूस जिवंत असणे गुन्हा नाही, असा एका ओळीचा खुलासा आपल्या सही-शिक्क्याने डॉ. वाळके यांच्याकडे पाठवावा, म्हणजे त्यांना दाखला देता येईल. आपल्या कार्यालयात या विषयावर दुमत असल्यास निदान मला पत्र पाठवावे. उत्तर नकारार्थी असले तरी चालेल. पाकिटावर माझे नाव असावे व ते टपालवाल्याने दारात मोठ्याने वाचावे, एवढेच पुरे आहे. येथे मला नावाने कोणी हाक मारीत नाही.

१८. कडव्याविषयी माझी आता कोणतीही मागणी नाही. ते फार चांगले आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा व अद्याप श्वास चालू असलेला,

प्रभाकर नीळकंठ बेलसरे
मौजे पळसगोंदी, दि. १२ फेब्रुवारी १९८७

सोबत :
महोत्सवाची छापील पत्रिका, एक प्रत.
कडव्याची ध्वनिफीत, एक. कार्यालयात ऐकावयाची झाल्यास नाव येते त्या दोन ठिकाणी कृपया आवाज बंद करावा. आतापर्यंत ते पुष्कळ वेळा म्हणून झाले आहे.